मल्हाररावांनी चंद्रशिला सर केली त्याची गोष्ट

मल्हारराव इंगळ्यांचं ठाम मत होतं की हिमालय म्हणजे आपला ग्वाल्हेरचा किल्लाच, फक्त जरा जास्त उंच आणि जरा जास्त गार. गेली कित्येक वर्षं ते रोज सकाळी किला गेटहून किल्ल्यावर चढत. वर पोहोचले की कमरेवर हात ठेवून खाली पसरलेल्या शहराकडे असे पाहत, जणू ते त्यांनी आत्ताच जिंकलंय आणि आता त्याचं करायचं काय, एवढाच प्रश्न उरलाय. त्यांचे पूर्वज दख्खनेतून घोड्यावर बसून आले होते. स्वतः मल्हारराव वीज खात्यातून निवृत्त झाले होते, पण चढ दिसला की त्यांच्यातला घोडेस्वार जागा होई.

"चढाई पायांनी नाही करत," ते बरोबरच्यांना सांगत. "रक्ताने करतात."

बरोबरचे म्हणजे दोघं. एक हेमेंद्र. दौलतगंजात त्याचं विजेच्या सामानाचं दुकान. वयाने बराच लहान, बोलता बोलता हिंदीत घसरणारा, आणि मल्हाररावांच्या प्रत्येक वाक्याला "बिल्कुल काका" म्हणणारा. दुसरे डॉक्टर विश्वासराव पोतनीस, मल्हाररावांचे शाळेपासूनचे मित्र. दातांचे डॉक्टर, कंपू भागात दवाखाना. त्यांच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या दरबारात मांडी घालून कागद लिहिले गेले होते. त्यामुळे चढ दिसला की त्यांच्यातला कारकून जागा होई आणि विचारी, याची खरंच गरज आहे का?

तरी ते रोज येत. मग मागच्या वर्षी त्यांच्या पत्नी, अपर्णावहिनी गेल्या, आणि विश्वासराव यायचे थांबले. दवाखाना बंद झाला. घरात टीव्ही चालू असे, पण आवाज बंद करून. मल्हारराव किल्ल्यावरून उतरताना रोज वाट वाकडी करून त्यांच्या दाराची घंटी वाजवत आणि रोज तेच उत्तर ऐकत, "उद्या बघू."

म्हणून मे महिन्यात, ग्वाल्हेरच्या नळाला उकळतं पाणी येऊ लागलं तेव्हा, मल्हाररावांनी हिमालयाची मोहीम जाहीर केली. गढवालातलं चंद्रशिला हे शिखर, बारा हजार फुटांच्याही वर. लोकांना वाटलं, मल्हाररावांना शौर्य गाजवायचंय. तसं वाटायला जागा होतीच. पण त्यांच्या मनात काय होतं ते विश्वासरावांच्या मुलीने, शिखाने, दिल्लीहून फोनवरच ओळखलं.

"काका, बाबांना नेताय ना? मग मी तुमच्या भरवशावर निश्चिंत आहे."

"बेटा, पहाड हलेल," मल्हारराव म्हणाले, "पण तुझे बाबा माझ्या नजरेआड होणार नाहीत."

विश्वासराव नऊ वेळा नाही म्हणाले असतील. दहाव्यांदा त्यांनी अट घातली. "मी येईन. पण शिखरबिखर मला सांगू नकोस. वाटेतल्या तुंगनाथच्या देवळापर्यंत चढेन आणि तिथे बसून चहा पिईन."

"मंजूर," मल्हारराव म्हणाले. वर नेल्यावर बघता येईल, असा त्यांचा हिशोब होता.

निघायच्या दिवशी सुधाताईंनी नवऱ्याच्या पिशवीत रेनकोट ठेवला. मल्हाररावांनी तो काढून ठेवला.

"मे महिन्यात कोणता पाऊस?"

"पहाडात विचारून येत नाही म्हणतात."

"माझ्या वेळेला येईलच कशाला?" असं म्हणून मल्हाररावांनी रेनकोटाच्या जागी शंकरपाळ्यांचा डबा बसवला.

हरिद्वारपर्यंत रेल्वे, पुढे दिवसभर जीप, असं करत तिघं डोंगराच्या पायथ्याशी, चोपत्याला पोहोचले. दुसऱ्या दिवशी सकाळी आभाळ इतकं निळं होतं की हेमेंद्र नुसताच "क्या बात है, क्या बात है" म्हणत राहिला. हॉटेलवाल्याने सांगितलं, "साहब, जल्दी निकल जाओ, दोपहर के बाद यहाँ के मौसम का कोई भरोसा नहीं." मल्हाररावांनी त्याला हात दाखवून गप्प केलं, आलूचे पराठे मागवले, मग आणखी मागवले, मग जिलबी मिळते का याची चौकशी केली. निघेपर्यंत ऊन चांगलंच वर आलं होतं.

तुंगनाथच्या देवळापर्यंत फरसबंदी वाट आहे. मल्हारराव सर्वांत पुढे, छाती काढून. मागे हेमेंद्र, त्याच्या खांद्यावर 'किला गेट प्रभात मित्र मंडळ' असा छापलेला कापडी बॅनर. सर्वांत मागे विश्वासराव, एका लयीत, कुरकुरत.

"अपर्णाला गुडघे दुखायचे," ते मधेच म्हणाले. "नाहीतर तिला आवडलं असतं हे."

बऱ्याच महिन्यांत त्यांनी वहिनींबद्दल आपणहून काही बोललेलं हे पहिलंच. मल्हाररावांनी मागे वळून पाहिलं नाही. पाहिलं तर गप्प होईल, हे त्यांना ठाऊक होतं.

देवळात दर्शन झालं. बाहेर येऊन पाहतात तो खालच्या दरीतून ढग वर येत होते, कोणी पातेलं उतू घालवावं तसे. समोर शिखराचा चढ क्षणभर दिसला आणि पुसला गेला. वारा सुटला. माणसं डावीकडच्या वाटेने वर चालली होती. मल्हाररावांनी उजवीकडची धरली.

"मल्हार," विश्वासराव म्हणाले, "सगळे तिकडून चाललेत."

"सगळे फेऱ्याने चाललेत. आपण सरळ जाऊ."

"ही वाट नाही. ही शेळ्यांची पायवाट आहे."

"शेळी कुठे जाते? वरच जाते."

"शेळी गवताकडे जाते."

एवढ्यात गारा सुरू झाल्या. आधी साबुदाण्याएवढ्या, मग हरभऱ्याएवढ्या. विश्वासरावांनी टोपी कानांपर्यंत ओढली. "माझी अट देवळापर्यंतची होती. मी मागे फिरतो. चहाचं दुकान आत्ताच मागे पाहिलंय मी."

"जा," मल्हारराव म्हणाले. हेमेंद्रच्या देखत शेळीवरून हार झाल्याचं त्यांना लागलं होतं. "प्या चहा. आम्ही झेंडा लावून येतो."

विश्वासराव वळले आणि चार पावलांत धुक्यात नाहीसे झाले.

यानंतर मल्हारराव आणि हेमेंद्र यांनी जी चढाई केली, तिला शौर्याच्या दृष्टीने नावं ठेवता येणार नाहीत. गवत निसरडं, दगड सुटे, समोर हात धरला तर बोटं दिसत नव्हती. मल्हारराव दोनदा बसले आणि एकदा गुडघ्यावर आपटले. गुडघ्यात काहीतरी कट्‌ वाजलं. त्यांनी ते दगडाचं आहे असं ठरवलं. शेवटी एका जागी चढ संपला. पुढे पाऊल टाकलं तर उतार, मागे टाकलं तरी उतार.

"हेमेंद्र, इथून वर काही नाही."

"काका, नीचे भी कुछ नहीं दिख रहा."

"म्हणजे हेच."

दोघांनी बॅनर ताणून धरला. हेमेंद्रने हात लांब करून फोटो काढला. फोटोत मल्हारराव, बॅनर आणि बाकी सगळं दुधासारखं पांढरं. मोबाईलला कुठून तरी क्षणभर रेंज आली, आणि हेमेंद्रने मंडळाच्या ग्रुपवर टाकून दिलं: 'चंद्रशिला फतह. मल्हारकाका सबसे आगे.'

संदेश गेला. वाऱ्याने बहुधा त्याचीच वाट पाहिली होती. धुक्याचा पडदा एकदम सरकला, आणि मल्हाररावांच्या डोक्यावर, बरंच वर, आभाळाला टेकलेलं एक शिखर उभं राहिलं. त्यावर इवलंसं देऊळ होतं. मुंग्यांसारखी रंगीत माणसं तिकडे सरकत होती.

मल्हाररावांनी पायाखाली पाहिलं. खाली हात-दोन हातांवर पत्र्याचं छप्पर होतं, त्यातून धूर येत होता.

"भाई साहब," छपराखालून आवाज आला, "पत्थर मत गिराओ, टीन टूट जाएगा."

धुक्यात अर्धा फेरा मारून ते देवळाजवळच्याच चहाच्या दुकानामागच्या टेकाडावर चढले होते.

हेमेंद्र हसायला लागला. मल्हाररावांनाही, खरं सांगायचं तर, हसू आलं असतं. "चल," ते म्हणाले, "निदान विश्वाससोबत चहा तरी पिऊ. त्याला मात्र हे सांगायचं नाही."

दुकानात विश्वासराव नव्हते. ते आलेच नव्हते. शेजारच्या दुकानातही नव्हते. देवळात नव्हते, देवळामागे नव्हते. फोन लागत नव्हता. धुकं पुन्हा दाटलं होतं आणि गारा आता वाटाण्याएवढ्या झाल्या होत्या.

"काका, ऊपर देख लें?" हेमेंद्र म्हणाला.

"विश्वास वर? आपल्या घराच्या गच्चीवर जायला माणूस आठवडाभर विचार करतो. तो खाली उतरला असणार. रागावला असणार माझ्यावर."

मग मल्हारराव निघाले ते जवळजवळ पळत. रेनकोट ग्वाल्हेरला पलंगावर सुरक्षित होता. डोक्यावर त्यांनी मंडळाचा बॅनर घेतला होता. ज्या वाटेने छाती काढून आले, त्याच वाटेने ते वाकून, लंगडत, येणाऱ्या-जाणाऱ्याला अडवत उतरत होते.

"एक बुज़ुर्ग देखे क्या? चश्मा, टोपी, थोडे चिढ़े हुए?"

"आज तो यहाँ सब चिढ़े हुए हैं, साहब," एक खेचरवाला म्हणाला.

अर्ध्या वाटेवर फोनला रेंज आली आणि तो थरथरू लागला. मंडळातून अभिनंदनाचे निरोप. मंडळाच्या अध्यक्षा सीमंतिनीताईंचा निरोप: रविवारी मल्हाररावांचा जाहीर सत्कार, सभागृह ठरलं आहे. सुधाताईंचा निरोप: गल्लीत पेढे वाटले, समोरच्यांनी दोनदा घेतले. मल्हारराव हे वाचत असतानाच फोन वाजला. शिखा.

मल्हाररावांनी आयुष्यात उच्च दाबाच्या तारा हाताळल्या होत्या. हा फोन त्यांनी तसाच उचलला.

"काका, पोहोचलात म्हणे. बाबांना द्या ना जरा."

"बाबा? बाबा आहेत ना. हात धुऊन राहिलेत."

"मी थांबते."

"नाही, म्हणजे हात धुऊन ते देवळात गेले."

"बाबा? देवळात?"

"ध्यानाला बसलेत, बेटा. डोळे मिटून. मला वाटतं, उठवू नये." आणि रेंज गेल्याचं सोंग करून त्यांनी फोन कापला.

नंतर ते कठड्यावर बसले. गारा बॅनरवर तडतडत होत्या. गुडघा दुखत होता, पण तिकडे त्यांचं लक्ष नव्हतं. चहा पितो म्हणाला होता. एवढंच तर म्हणाला होता. वर्षभर रोज घंटी वाजवून ज्या माणसाला घराबाहेर काढलं, त्याला धुक्यात एकटं सोडलं, ते कशासाठी? तर शेळी कुठे जाते यासाठी. हेमेंद्रने त्यांना काही विचारलं, त्यांना ऐकू आलं नाही. मल्हारराव इतका वेळ गप्प बसलेले हेमेंद्रने कधी पाहिले नव्हते, आणि त्याला त्या गारांपेक्षा याचीच जास्त भीती वाटली.

फोन पुन्हा वाजला. पुन्हा शिखा.

"काका, बाबा अजून ध्यानात आहेत?"

"हो बेटा. शिखा, ऐक, मला तुला एक—"

"मग माझ्याशी आत्ता व्हिडिओवर कोण बोलून राहिलं होतं? शिखरावरून?"

मल्हाररावांनी फोन कानापासून दूर धरून त्याच्याकडे पाहिलं आणि पुन्हा कानाला लावला.

"कुठून?"

"शिखरावरून, काका. चंद्रशिलेच्या. मागे देऊळ दिसत होतं. वारा खूप आहे म्हणाले. कोण्या बाईची दाढ पाहिली, तिला गोळी दिली, तिने चहा दिला, असं सगळं सांगत होते. काका, मला त्यांना थांबवावं लागलं, दुसरा फोन येत होता माझा. वर्षभर बाबांना फक्त 'हं' येत होतं. तुम्ही खोटं का बोललात ते नंतर विचारीन. पण थँक यू."

मल्हाररावांनी फोन खिशात ठेवला, डोळे पुसले आणि हेमेंद्रला सांगितलं की गार डोळ्यात गेली. मग ते ताडकन उठले. वर जायलाच हवं होतं. पण उठल्याबरोबर गुडघ्याने असा काही नकार दिला की ते परत कठड्यावर आले. वर वाट पांढरी झाली होती. शेवटी हेमेंद्रच्या खांद्यावर हात टाकून त्यांनी चोपत्याचा रस्ता धरला. चढाई रक्ताने करत असतील, उतराई मात्र गुडघ्यानेच करावी लागते, हे त्यांना वाटेत कळलं.

संध्याकाळी ढग फाटले. हॉटेलच्या ओसरीत, गुडघ्याला गरम पाण्याची पिशवी बांधून बसलेल्या मल्हाररावांना वाटेवरून सहा-सात बायकांचा घोळका हसत खिदळत उतरताना दिसला. सर्व वयस्कर, सर्वांच्या पायात बूट, आणि मधोमध विश्वासराव. त्यांच्या अंगावर कोणाचा तरी गुलाबी रेनकोट होता.

"ह्या राजलक्ष्मीबाई," त्यांनी ओळख करून दिली. "उज्जैनच्या. शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या. खालची डावी अक्कलदाढ. आणि बाई, हा माझा मित्र मल्हारराव, फार मोठा गिर्यारोहक."

बायका आत गेल्यावर मल्हाररावांनी त्यांचा हात धरला. तो थंड होता, पण शाबूत होता.

"कुठे होतास तू? चहा प्यायला गेला होतास ना?"

"चहालाच गेलो. धुक्यात दुकान सापडेना. तेवढ्यात ह्या बायका भेटल्या. मी विचारलं, चाय कहाँ मिलेगी? ह्या म्हणाल्या, आमच्याजवळ थर्मास आहे, पोहोचल्यावर पिऊ. मी म्हटलं, ठीक."

"आणि वाट वर चाललीय हे तुला कळलं नाही?"

"कळलं ना. पण थर्मासही वरच चालला होता." विश्वासराव खुर्चीत बसले. "वाटेत बाई गालाला हात लावून होत्या. म्हटलं, वर पोहोचलो की बघतो. मोबाईलच्या उजेडात बघितली. काढावीच लागेल. पुढच्या महिन्यात ग्वाल्हेरला येतायत. दवाखाना झाडून घ्यावा लागेल, मल्हार. किती धूळ बसली असेल." मग त्यांना आठवलं. "तुमचं काय झालं? झेंडा लावला?"

न सांगण्याचं मघाशीच ठरलं होतं. पण गुलाबी रेनकोटातल्या मित्राकडे पाहून मल्हाररावांनी सगळं सांगून टाकलं, पत्र्यासकट. विश्वासराव इतके हसले की खुर्ची करकरली. आतून राजलक्ष्मीबाई बघायला आल्या. मल्हाररावांना आयुष्यात कोणी इतकं हसलं नव्हतं, आणि त्यांना ते ऐकत राहावंसं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशीही पाऊस होता आणि परतीची गाडी ठरलेली होती. शिखर तसंच राहिलं. राहिला तो सत्कार. मल्हाररावांनी हरिद्वारहून सीमंतिनीताईंना फोन लावला.

"ताई, सत्कार रद्द करा. मी वर गेलोच नाही."

"काय? आवाज तुटून राहिलाय तुमचा. हार? हो, हार पण सांगितलाय."

रविवारी सभागृह भरलं होतं. चारी कोपऱ्यांत कूलर घरघरत होते आणि तरी माणसं घामाने निथळत होती. सीमंतिनीताईंनी भाषणात पानिपतापासून सुरुवात केली आणि चंद्रशिलेपर्यंत येता येता बरेच किल्ले घेतले. त्या उकाड्यात मल्हाररावांच्या खांद्यावर लोकरी शाल घालण्यात आली, आणि माइक हातात देण्यात आला.

मल्हाररावांनी माइक घट्ट धरला. "मला एवढंच सांगायचंय की मी शिखरावर गेलो नाही."

मग पुढच्या रांगेतून कोणीतरी म्हणालं, "वाह." आणि टाळ्यांचा कडकडाट झाला.

"खरं सांगतोय. मी चहाच्या दुकानामागे चढलो होतो."

टाळ्या वाढल्या. "बघा," सीमंतिनीताई गहिवरून म्हणाल्या, "याला म्हणतात मोठेपणा. आजकाल लोक दोन जिने चढले तरी सांगत सुटतात."

मल्हाररावांनी केविलवाण्या नजरेने विश्वासरावांकडे पाहिलं. विश्वासराव उठले आणि माइकपाशी आले. "तो खरं बोलतोय. वर मी गेलो होतो. हा खाली होता."

सभागृह हसून लोटपोट झालं. पोतनीस डॉक्टर वर्षभराने बाहेर आले आणि आल्याबरोबर मित्राची थट्टा करायला लागले, याचा सगळ्यांना मनापासून आनंद झाला. कोणीतरी ओरडून विचारलं, "मग डॉक्टरसाहेब, शिखरावरून काय दिसतं?"

"दाढ," विश्वासराव म्हणाले.

त्यानंतर कोणाला काही समजावून सांगण्यात अर्थच उरला नाही. मल्हाररावांनी हार घालून घेतला, नारळ घेतला, फोटो काढून घेतले, आणि घामाने चिंब होऊन, लंगडत, सुधाताईंबरोबर रिक्षात बसले.

"सुधा," अर्ध्या वाटेत ते म्हणाले, "एवढी माणसं होती. मी दोनदा खरं सांगितलं. एकानेही विश्वास ठेवला नाही."

"असं कसं?" सुधाताईंनी त्यांच्या गळ्यातला हार काढून मांडीवर घेतला. "मी ठेवला ना. लगेच."